अथेनै व स्पार्टा, कुलाबा व जंजिरा
(उपदेशक, शिक्षक व मंडळ्यांतील वडील ह्यांकरिता अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १७:१६–३४ व १८:१–१७, करिंथकरांस पहिले पत्र १:१०–१७ व ६:१–८, मत्तय १८:१५–१७.



गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी आम्ही रेवस बंदरावरून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो होतो. त्याच लाँचमध्ये आमच्या ओळखीचे दोन वडील होते. दोघेही एकाच मंडळीचे. एक पुढच्या टोकास बसले होते, दुसरे मागच्या टोकास. दोघांच्याही मांडीवर कागदांची कापडी पिशवी होती, आणि दोन्ही पिशव्यांतील कागद एकाच जागेविषयी होते. ती जागा म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराची जमीन. मंडळीत दोन वाड्यांची माणसे आहेत. मंदिराच्या बाजूची मोकळी जागा कोणत्या वाडीच्या ताब्यात असावी, ह्यावरून तंटा उपस्थित झाला. मंदिरास कुलूप लागले. आणि आता दोघेही निरनिराळ्या वकिलांस भेटावयास निघाले होते. दोघांनीही आम्हांस हात करून आपल्याजवळ बोलाविले. आम्ही मधल्या फळीवर बसलो.

मध्ये बसलो खरे, परंतु आम्ही मधले नव्हतो. त्या दोन पिशव्यांपैकी एकीत आमच्याच हातचे एक पत्र होते. त्याविषयी पुढे सांगू. सांगावयाची गोष्ट ही की, ज्या किनाऱ्यावरून ती लाँच चालली होती, त्या किनाऱ्याच्या इतिहासात ह्या प्रकारच्या भांडणाचा शेवट काय होतो हे फार स्पष्ट लिहिलेले आहे. प्रेषित पौल ज्या देशात फिरला त्या ग्रीस देशाच्या इतिहासातही तेच लिहिलेले आहे. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठात आम्ही हे दोन इतिहास शेजारी ठेवून, मग पवित्र शास्त्राकडे वळणार आहो.

१. ग्रीस देशातील नगरराज्ये

ग्रीस देश डोंगराळ आहे. डोंगरांच्या मधून लहान लहान खोरी आहेत आणि समुद्र जागोजागी आत शिरलेला आहे. ह्यामुळे तेथे प्राचीन काळी एक मोठे राज्य न होता प्रत्येक खोऱ्यातील नगर व त्याच्या भोवतालची शेते मिळून एक स्वतंत्र राज्य होत असे. अशा राज्यास नगरराज्य म्हणतात. अशी नगरराज्ये शेकडो होती. त्या सर्वांची भाषा एक, देवदेवता एक, ऑलिंपिया येथील खेळांचा उत्सवही एक. परंतु शेजारच्या नगराशी वैर हाही जणू त्यांचा एक कुळधर्मच होता.

त्यांत दोन नगरे प्रमुख होती. एक अथेन्स, ज्यास आपल्या शास्त्रात अथेनै म्हटले आहे, दुसरे स्पार्टा. ह्या दोहोंमध्ये सुमारे १५० मैलांचे अंतर होते, परंतु राहणीत त्याहून पुष्कळ अधिक.

अथेनैचे बळ समुद्रावर होते. त्याचे बंदर पिरेयस. लॉरियन येथील खाणीत रुपे सापडले तेव्हा त्या द्रव्यातून अथेनैकरांनी युद्धनौका बांधल्या. अशा एका नौकेवर तीन रांगांत मिळून सुमारे १७० वल्हेकरी बसत. हे वल्हेकरी बहुतेक गरीब नागरिक असत. आणि ज्यांच्या हातावर नगराचे रक्षण अवलंबून, त्यांस नगराच्या कारभारात मत द्यावे लागले. म्हणून अथेनैत नागरिकांची सभा भरे, व लढाई करावी की तह, कर बसवावा की नाही, हे ती सभा ठरवी.

स्पार्टाचे बळ जमिनीवर होते. त्या नगरास फार काळपर्यंत तटसुद्धा नव्हता. आमचे शिपाई हाच आमचा तट असे ते मानीत. मुलगा सात वर्षांचा झाला म्हणजे त्यास आईबापांपासून घेऊन लष्करी शिक्षणास घालीत. कारभार दोन राजे, अठ्ठावीस वृद्ध मंत्री व दरसाल निवडलेले पाच अधिकारी ह्यांच्या हाती असे. शेती मात्र ते स्वतः करीत नसत. हेलॉट नावाचे जिंकलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शेते करीत, आणि ते बंड करतील ह्या धास्तीने स्पार्टा रात्रंदिवस हत्यार बांधून राही.

अथेनैची थोरवी सांगताना हेही सांगणे अवश्य आहे की तेथील सभेत स्त्रिया, गुलाम व परदेशी ह्यांस जागा नव्हती. दोन्ही नगरांत थोड्यांच्या स्वातंत्र्याचा भार पुष्कळांच्या पाठीवर होता.

आता ह्यांच्या वैराची हकीकत ऐका. ख्रिस्तपूर्व ४८० साली इराणच्या बादशहाने प्रचंड सैन्य घेऊन ग्रीसवर स्वारी केली. त्या संकटात अथेनै व स्पार्टा एकत्र आली. सालामिस येथील समुद्रावर आणि दुसऱ्या वर्षी प्लाटेया येथील मैदानावर त्यांनी त्या बादशहाचा पराभव केला. त्यामुळे आशियाच्या किनाऱ्यावरील ग्रीक नगरेही इराणच्या ताब्यातून सुटली. एकीचे फळ असे गोड होते.

परंतु ती एकी टिकली नाही. अथेनैने समुद्रकाठच्या नगरांचा एक संघ केला. प्रथम तो संघ इराणपासून रक्षणाकरिता होता. पुढे मित्रांची वर्गणी खंडणी झाली, आणि ख्रिस्तपूर्व ४५४ साली संघाचा खजिना डेलॉस बेटातून उचलून अथेनैत आणिला गेला. ख्रिस्तपूर्व ४१६ साली मेलॉस नावाच्या लहानशा बेटाने ह्या संघात येण्याचे नाकारिले, तेव्हा अथेनैकरांनी तेथील पुरुषांस ठार मारिले व बायकामुलांस गुलाम केले. ज्या नगरात सभा व न्याय ह्यांची एवढी प्रतिष्ठा, त्याच नगराने हे केले!

अथेनै व स्पार्टा ह्यांचे मोठे युद्ध ख्रिस्तपूर्व ४३१ पासून ४०४ पर्यंत, मध्ये थोडा विसावा घेऊन, सत्तावीस वर्षे चालले. दुसऱ्याच वर्षी अथेनैत भयंकर साथ उठली. पुढे सिसिली बेटावरील मोहिमेत अथेनैचे मोठे आरमार व सैन्य बुडाले. तरीही समुद्रावर अथेनै हटेना. तेव्हा स्पार्टाने काय केले? ज्या इराणी बादशहास दोघांनी मिळून पिटाळिले होते, त्याच्याकडून द्रव्य घेतले आणि त्या द्रव्याने जहाजे बांधून ख्रिस्तपूर्व ४०४ साली अथेनै जिंकिले.

परक्याचे द्रव्य फुकट येत नाही. ख्रिस्तपूर्व ३८६ साली जो तह झाला त्यात आशियातील ती ग्रीक नगरे पुनः इराणच्या स्वाधीन करण्यात आली. एकीने मिळविलेले वैराने घालविले. आणि पुढे ख्रिस्तपूर्व ३३८ साली उत्तरेकडून मासेदोनियाचा राजा फिलिप आला, तेव्हा कायरोनियाच्या लढाईत हे थकलेले शेजारी त्यास थोपवू शकले नाहीत. नगरराज्यांच्या स्वातंत्र्याचा शेवट तेथे झाला.

२. आपल्या किनाऱ्यावरील शेजारी

हे दूरदेशचे झाले. आता रेवसच्या जवळ या. धरमतरच्या खाडीच्या मुखाशी, करंजाच्या समोर हे गाव आहे. येथून दक्षिणेस किनाऱ्याने चालू लागले की मांडवा, किहीम, थळ, अलिबाग, चौल, कोर्लई, आणि पुढे मुरूडजवळ जंजिरा. कुलाबा जिल्हा ह्या नावाने पूर्वी ओळखला जाणारा हा मुलूख १९८१ पासून रायगड जिल्हा म्हणविला जातो. दोन-तीनशे वर्षांपूर्वी एवढ्या लहान पट्टीत किती सत्ता नांदत होत्या! अलिबागेस आंग्रे, जंजिऱ्यास सिद्दी, चौल व कोर्लईस पोर्तुगीज, आणि समोर मुंबईस इंग्रज.

त्यांतील दोघांची तुलना करू. अलिबागेच्या समोरचा कुलाबा किल्ला (मुंबईतील कुलाबा नव्हे) बांधण्यास शिवाजी महाराजांनी १६८० साली आरंभ केला. पुढे तो कान्होजी आंग्रे ह्यांचे मुख्य ठाणे झाला. ओहोटीच्या वेळी ह्या किल्ल्यास पायी जाता येते. कान्होजी हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. त्यांचा दस्तक घेतल्यावाचून ह्या समुद्रातून व्यापारी जहाजाने जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. इंग्रज व पोर्तुगीज तो मानीत नसत, म्हणून त्यांस ते चाचा म्हणत. कान्होजी आपणास ह्या समुद्राचे धनी समजत. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज ह्या दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. परंतु दोघांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. हल्ला फसला, आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी आपला वेगळा तह करून घेतला.

जंजिऱ्याच्या भोवती मात्र भरती असो वा ओहोटी, पाणी सदा खोल. त्याचे नावच मुळी बेट ह्या अर्थाच्या अरबी शब्दापासून आले आहे. तेथील सिद्दी हे आफ्रिका खंडातून आलेल्या हबशी लोकांचे वंशज. त्यांच्यापैकी पुष्कळ जण ह्या देशात गुलाम म्हणून आणिले गेले होते. परंतु गुलामगिरीतून वर चढून राज्य करण्याइतकी योग्यता त्यांनी दाखविली. ज्यास बालपणी विकण्यात आले तो मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला व १६२६ साली मरेपर्यंत त्याने दख्खनचा कारभार गाजविला, हे आपण जाणताच. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जंजिऱ्याची आणखी एक रीत लक्षात घेण्यासारखी होती. मुख्य मरण पावला तर त्याचा मुलगाच गादीवर येई असे नाही. सरदारांत जो कर्ता त्यास पुढे करण्याची जुनी वहिवाट होती. हा किल्ला मराठ्यांस कधीही घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास राजपुरीच्या किनाऱ्यापासून समुद्रात भराव घालून तेथे पोहोचण्याचा यत्न केला. परंतु मोगलांची फौज कोकणात उतरल्यामुळे तो अर्धा राहिला. शास्त्र वाचणाऱ्यांस येथे सोर नगराची आठवण होईल. त्या बेटावरील नगरावर ख्रिस्तपूर्व ३३२ साली शिकंदराने असाच भराव घातला होता, व त्याचा तडीस गेला.

ह्या शेजाऱ्यांचे वैर किती जवळून चाले, हे पाहावयाचे असेल तर थळच्या किनाऱ्यावर उभे राहावे. समोर दोन बेटे दिसतात, खांदेरी व उंदेरी. दोहोंमध्ये मैलभराचेही अंतर नसेल. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तट बांधण्यास आरंभ केला. मुंबईच्या तोंडाशीच हा किल्ला होतो असे पाहून इंग्रज अडवावयास आले, आणि सिद्दीही आपले आरमार घेऊन त्यांच्या साहाय्यास आला. परंतु साहाय्यास आलेल्या सिद्दीने १६८० च्या जानेवारीत शेजारचे उंदेरी बेट आपल्याचकरिता धरून तेथे तट घातला. पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून राहिली. मधल्या पाण्यात जाळी टाकणारा कोळी कोणाच्या बाजूचा होता? त्यास दोन्हीकडची भीती होती.

आणि खुद्द रेवस? १७३३ साली जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी रसूल मरण पावला व त्याच्या घरात वारसाचा तंटा माजला. त्याचा नातू अब्दुल रहमान ह्याचा पक्ष पेशव्यांनी उचलिला आणि त्या निमित्ताने सिद्द्याच्या मुलखात युद्ध सुरू झाले. तीन वर्षांनी, १९ एप्रिल १७३६ रोजी, चिमाजी आप्पांनी रेवसजवळ सिद्दी सात ह्याच्या तळावर छापा घातला. त्यात सिद्दी सात पडला, आणि त्याच्याबरोबर हजाराहून अधिक माणसे पडली. त्याच वर्षी तह होऊन सिद्द्याचा मुलूख पुष्कळ आटला. आज लाँच धरण्याकरिता आपण ज्या वाटेने धावत जातो, तिच्या आसपासच्या जमिनीवर हे झाले. घरातील वारसाचा तंटा चव्हाट्यावर गेला म्हणजे त्याचे मोल कोण देतो, हे ह्यावरून दिसते.

परंतु विजयी बाजूने ह्यावरून काही धडा घेतला काय? मुळीच नाही. आंग्र्यांच्या घरात त्याच वेळी तीच आग लागली होती. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्यामागून सेखोजी आले. ते १७३३ साली वारले, आणि मग भाऊ भावावर उठला. मानाजीने पोर्तुगीजांचे साहाय्य घेऊन कुलाबा घेतला व आपला भाऊ येसाजी ह्याचे डोळे काढविले. संभाजी आंग्रे मानाजीवर चालून आले, तेव्हा मानाजीने पेशव्यांचा आश्रय केला. १७३५ साली बाजीरावांनी वाटणी करून दिली: कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजीकडे. एका दर्याचे दोन धनी झाले. १७४० साली संभाजीने पुनः कुलाब्यावर चाल केली, तेव्हा मानाजीच्या साहाय्यास पेशव्यांची फौज तर आलीच, पण इंग्रजांची जहाजेही आली. ज्या कुलाब्यावर एकोणीस वर्षांपूर्वी इंग्रज शत्रू म्हणून आले होते, तेथेच आता ते भावाविरुद्ध भावाचे कैवारी म्हणून आले!

संभाजीमागून त्यांचे भाऊ तुळाजी आले. ते पेशव्यांस जुमानीत ना, खंडणी देत ना. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु त्या तक्रारीचा निवाडा करण्याकरिता नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांस बोलाविले. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह हे विजयदुर्गावर आले, आणि बंदरात उभे असलेले तुळाजीचे सगळे आरमार एका दिवसात जळून गेले. तुळाजी जन्मभर कैदेत राहिले. विजयदुर्ग ठरावाप्रमाणे ताबडतोब पेशव्यांच्या हवाली व्हावयाचा, तो इंग्रजांनी कित्येक महिने सोडिला नाही.

त्या दिवशी जळाले ते केवळ तुळाजीचे आरमार नव्हते. मराठ्यांच्या समुद्रावरील बळाचा मोठा भाग तेथे जळाला. पुढे बासष्ट वर्षांनी, १८१८ साली, पेशवाई गेली. कुलाब्याचे आंग्रे संस्थान वारस नाही म्हणून १८४० साली इंग्रजांनी खालसा केले. जंजिरा संस्थान स्वतंत्र नव्हे तर इंग्रजांच्या छायेखाली राहिले, व १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले.

३. साम्य कोणते व भेद कोणता

उपदेशकांनी हे दोन इतिहास सांगताना सरसकट एकाच मापाने मोजू नयेत. अथेनैत नागरिकांची सभा होती. कुलाब्यास वा जंजिऱ्यास तशी नव्हती. अथेनै व स्पार्टा ही पूर्ण स्वतंत्र होती. आंग्रे छत्रपतींचे सेवक होते, आणि सिद्दी १६७० च्या सुमारापासून मोगल बादशहाच्या आरमाराची चाकरी करीत होते. तसेच, हिंदु-मुसलमानांचे वैर एवढेच ह्यात पाहू नये. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी व दौलतखान हे दोघे बरोबरीने सरदार होते; आणि आंग्र्यांचा घात झाला तो परधर्मीयांशी लढताना नव्हे, तर सख्ख्या भावांच्या तंट्यात.

साम्य आहे ते एका गोष्टीत, आणि ती गोष्टच ह्या पाठाचे सार आहे. स्पार्टाने अथेनैस हरविण्याकरिता इराणी बादशहास बोलाविले. मानाजीने भावास हरविण्याकरिता पोर्तुगीजांस व पुढे इंग्रजांसही वाट दिली. पेशव्यांनी तुळाजीस हरविण्याकरिता इंग्रजांस बोलाविले. प्रत्येक वेळी बोलाविणाऱ्याचे काम झाले, प्रतिपक्षी हरला. परंतु बोलाविलेला आपल्या घरी परत गेला नाही, आणि शेवटी जिंकणाराही त्याच्या हाताखाली आला. शेजाऱ्याच्या द्वेषाने माणूस इतका आंधळा होतो की दाराबाहेर कोण उभा आहे हे न पाहता तो कडी काढितो.

४. करिंथ येथील मंडळी

आता शास्त्राकडे वळू. करिंथ हेही एक नगरराज्यच होते. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेले, व्यापाराने श्रीमंत. रोमी लोकांनी ते ख्रिस्तपूर्व १४६ साली उद्ध्वस्त केले व ख्रिस्तपूर्व ४४ साली कैसर जुलियसाने पुनः वसविले. तेथे पौल दीड वर्ष राहिला.

पौलाने व इतर प्रेषितांनी ख्रिस्ती लोकांच्या समुदायास कोणते नाव दिले हे पाहण्याजोगे आहे. आपण ज्यास मंडळी म्हणतो त्यास मूळ ग्रीक भाषेत एक्लेसिया असा शब्द आहे. आणि एक्लेसिया हेच अथेनैतील नागरिकांच्या सभेचे नाव होते. इफिस येथील नगरसभेसही प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात हाच शब्द योजिला आहे. म्हणजे मंडळी ही नुसती भजन ऐकावयास जमलेली गर्दी नव्हे. ती आपल्या कारभाराचा विचार करणारी, आपसांतील न्याय करणारी नागरिकांची सभा होय. भेद एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की अथेनैच्या सभेत ज्यांस पाय ठेवण्याची बंदी होती ते गुलाम, त्या स्त्रिया व ते परदेशी ख्रिस्ताच्या सभेत नागरिक झाले. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल सांगतो की आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे. ज्यांस कोणत्याही नगराने आपले म्हटले नाही त्यांस हे केवढे वतन!

परंतु करिंथकर जुनी खोड विसरले नाहीत. नगरे जशी पक्ष करीत, तसे त्यांनी मंडळीत पक्ष केले. कोणी पौलाचे नाव घेई, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे. आणि सहाव्या अध्यायात तर प्रकरण त्याहून पुढे गेलेले दिसते: भाऊ भावावर फिर्याद करी, आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे. पौल त्यांस लाज वाटावी असे विचारतो की, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? आणि त्याहून कठीण प्रश्न पुढे ठेवतो : अन्याय सोसून घेणे, नुकसान पत्करणे, हे तुम्हांस का जमू नये?

पौल हे अनुभवावाचून लिहीत नव्हता. ह्याच करिंथ नगरात विरोधकांनी त्यास गल्लियो सुभेदाराच्या न्यायासनापुढे ओढीत नेले होते. गल्लियोने कज्जा ऐकण्याचेच नाकारिले. आणि लोकांनी सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस ह्यास न्यायासनापुढेच मार दिला, तरी गल्लियोने तिकडे लक्ष दिले नाही. परक्यास आपल्या तंट्याची किती काळजी असते ती ही! करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या आरंभी पौल आपल्याबरोबर सोस्थनेस नावाच्या बंधूचे नाव घालितो. तो हाच असावा असे पुष्कळ अभ्यासक मानितात. तसे असल्यास, न्यायासनाने जे केले नाही ते ख्रिस्ताने केले. प्रतिपक्षी भाऊ झाला.

५. आमच्या मंडळ्यांस बोध

येथे एक सावधगिरीची सूचना करितो. ह्या वचनांचा आधार घेऊन दुर्बळाचे तोंड बंद करू नये. एखाद्या विधवेची जमीन बळकाविली, एखाद्या स्त्रीस वा मुलास मारहाण झाली, किंवा मंडळीचे द्रव्य कोणी खाल्ले, तर ते प्रकरण घरातच दडपून ठेवणे ही एकी नव्हे, तो अन्यायाचा पांघरूण घालण्याचा प्रकार होय. अशा वेळी कायद्याकडे जाणे योग्यच आहे; स्वतः पौलाने कैसराजवळ दाद मागितली. आम्ही बोलत आहो ते मानापानाच्या, जागेच्या, पुढल्या बाकाच्या व पहिल्या मानाच्या तंट्यांविषयी. आमच्या मंडळ्यांतील दहांपैकी नऊ तंटे ह्याच जातीचे असतात, हे आपण मनात जाणतो.

तेव्हा आता त्या पत्राविषयी. एका वाडीच्या वडिलांनी आमच्याकडे येऊन, ती मोकळी जागा पूर्वीपासून आमच्या वाडीकडे आहे असे लिहून द्या, अशी विनंती केली. आम्ही त्यांच्या घरी पुष्कळ वेळा जेवलो होतो. दुसऱ्या वाडीस आम्ही विचारिलेसुद्धा नाही. आम्ही लिहून दिले. ते पत्र वकिलाकडे गेले, दुसऱ्या पक्षास कळले, आणि त्या दिवसापासून त्या वाडीतील एकही घर आमच्या हातून प्रभुभोजन घेईना. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो क्रम सांगितला आहे, तो आम्ही कित्येक वेळा शिकविला होता: प्रथम एकट्याने एकट्याकडे जावे, मग दोघा-तिघांस बरोबर न्यावे, मग मंडळीपुढे ठेवावे. आम्ही स्वतःच ती पहिली पायरी ओलांडून गेलो. दाराची कडी काढणाऱ्यांत आमचाही हात होता.

म्हणून त्या दिवशी मुंबईहून परतताना आम्ही लाँचच्या मागच्या टोकास त्या दुसऱ्या वडिलांजवळ जाऊन बसलो व सांगितले, “दादा, ते पत्र आम्ही तुम्हांस न विचारता लिहिले. ती आमची चूक झाली. आम्ही ते परत मागणार आहो.” ते काही बोलले नाहीत. रेवस आले तेव्हा आमची पिशवी मात्र त्यांनीच धक्क्यावर उतरवून दिली. पुढे आम्ही पहिल्या वडिलांसही तसेच सांगितले. ते रागावले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तंटा अद्याप मिटलेला नाही. मंदिराचे कुलूप अद्याप निघालेले नाही. परंतु ह्या वर्षी पावसापूर्वी दोन्ही वाड्यांतील चार-चार माणसे मिळून मंदिराची कौले चाळावयास आली. आत पाणी गळू लागले तर दोघांचेही मंदिर कुजेल, एवढे त्यांनी मानिले. आम्ही ह्याबद्दल देवाचे उपकार मानितो व अधिकाकरिता प्रार्थना करितो.

ज्या ज्या मंडळीत असा तंटा असेल, तेथील वडिलांस आमची विनंती आहे की त्यांनी ह्या तीन गोष्टी कराव्या. पहिली, एकाही पक्षाकरिता कागदावर सही करण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. दुसरी, दोन्ही पक्षांस मान्य असे दोन-तीन जण मंडळीतूनच निवडावे. त्यांत दोन्ही वाड्यांची माणसे असावी आणि स्त्रियाही असाव्या, कारण तंट्याचा भार घरात त्यांच्यावरच पडतो. तिसरी, निवाडा होईपर्यंत भजन व प्रभुभोजन थांबवू नये. मंदिरास कुलूप असेल तर अंगणात बसावे. जे एकत्र प्रार्थना करितात त्यांचा तंटा मिटतोच असे नाही; परंतु जे वेगळे बसतात त्यांचा वाढतो, हे आम्ही पाहिले आहे.

खांदेरीवर १८६७ साली दीपगृह बांधण्यात आले. त्याचा उजेड उंदेरीच्या बाजूस पडतो, थळच्या किनाऱ्यावर पडतो, आणि मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक गलबतास मिळतो. ते कोणाचे आहे हे दीपगृह विचारीत नाही. ज्या खडकावर शेजाऱ्याकरिता तोफा ठेविल्या होत्या, त्यावरून आज सर्वांस वाट दिसते. आमच्या मंडळ्यांविषयीही प्रभूची इच्छा हीच आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. इराणच्या स्वारीच्या वेळी अथेनै व स्पार्टा ह्यांस एकीने काय मिळाले, आणि पुढे वैराने ते कसे गेले?

२. रेवसजवळ १७३६ साली झालेल्या लढाईचे मूळ कोणत्या घरगुती तंट्यात होते? आंग्र्यांच्या घरातील तंट्याशी त्याचे साम्य दाखवा.

३. मंडळी ह्या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द कोणता? अथेनैच्या सभेत ज्यांस जागा नव्हती अशांपैकी कोणास आपल्या मंडळीत अद्याप बोलू दिले जात नाही?

४. कोणत्या तंट्यात कायद्याकडे जाणे योग्य, आणि कोणत्या तंट्यात नुकसान सोसणे योग्य? आपल्या गावातील उदाहरण, नाव न घेता, सांगा.

५. मत्तय १८:१५ मधील पहिली पायरी कोणाच्या बाबतीत आपण अद्याप चढलेलो नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देऊ नये. घरी जाण्यापूर्वी त्या मनुष्याच्या दाराशी जावे.